मुलगा पेपरला हात लावत नाही, आणि बातमी त्याला माझ्याआधी कळते

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात:

माझं वय सत्तेचाळीस. मुलगा सतरा वर्षांचा आहे, पुढच्या वर्षी मतदार होईल. घरी दोन पेपर येतात आणि मी लहानपणापासून रोज पेपर वाचत आलेय. मुलगा मात्र पेपरला हात लावत नाही. जगात काय चाललंय ते त्याला मोबाइलवरच्या रील्समधून कळतं. त्यातही एका तरुणाचे दीड-दीड मिनिटाचे व्हिडिओ तो न चुकता बघतो. हा तरुण कुठल्या पेपरात नाही, वाहिनीवर नाही, पत्रकारही नाही. पण मुलाचा आमच्यापेक्षा त्याच्यावर विश्वास जास्त. दोन महिन्यांपूर्वी मी घरच्या ग्रुपवर पुराचा एक व्हिडिओ टाकला. पाच मिनिटांत मुलाने सगळ्यांसमोर लिहिलं, "आई, हा जुना आहे आणि आपल्या देशातला पण नाही." वर पुरावाही जोडला. नणंदेने हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावली. मला फार लागलं. त्याच संध्याकाळी मी नियम केला: रोज अर्धा तास पेपर, मगच मोबाइल. तो पेपर उघडून बसतो, पानं उलटतो, घड्याळ बघतो. मागच्या आठवड्यात खटका उडाला तेव्हा म्हणाला, "पेपरात जे येतं ते मला काल कळलेलं असतं." मिस्टर म्हणतात, वय आहे, सोडून दे. मला ते पटत नाही. मी स्वतः रात्री जाग आली की मोबाइलवर बातम्या बघते, जग कुठे चाललंय या काळजीने पुन्हा झोप लागत नाही, आणि याला कशाचं काही नाही. खरी बातमी कशी असते हे त्याला कसं शिकवू? सक्ती करणं चूक आहे का?

सल्ला:

ताई,

खटका उडाला तेव्हा मुलगा जे बोलला ते आधी घेऊ, कारण ते उद्धट असलं तरी खोटं नाही. सकाळच्या पेपरातली बहुतेक मोठी बातमी त्याला खरोखरच आदल्या दिवशी कळलेली असते, आणि हे काही आज-काल घडलेलं नाही. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये वैमानिकाला प्रवासी विमान हडसन नदीवर उतरवावं लागलं. पाण्यावर तरंगणारं विमान आणि त्याच्या पंखावर उभे असलेले प्रवासी, हा फोटो जगभर गेला तो मदतीला निघालेल्या फेरीबोटीतल्या एका प्रवाशाच्या फोनवरून, ट्विटरमार्गे. मे २०११ मध्ये पाकिस्तानातल्या अबोटाबादमधल्या एका रहिवाशाने मध्यरात्रीनंतर ट्विटरवर कुरकुर केली की या वेळी डोक्यावर हेलिकॉप्टर कसलं घिरट्या घालतंय. ओसामा बिन लादेनवरच्या कारवाईची बातमी आपण देतोय, हे त्या बिचाऱ्याला ठाऊकही नव्हतं.

'सगळ्यात आधी' हा मान पेपरकडून रेडिओने आणि टीव्हीने कधीच काढून घेतला होता. मोबाइलने तो त्यांच्याकडूनही घेतला आणि घटनेच्या जागी जो कोणी उभा असेल त्याच्या हातात दिला. त्यामुळे कोण आधी सांगतं या मुद्द्यावर तुम्ही मुलाशी वाद घातलात तर हरणार. तो मुद्दा त्याला देऊन टाका. "बरोबर आहे तुझं, तुला आधी कळतं," असं स्पष्ट म्हणा. पुढचं बोलणं त्यानंतरच सुरू होईल.

आता ग्रुपवरचा तो प्रसंग. खरं-खोटं तपासायला मुलाला कसं शिकवू, असं तुम्ही विचारता. आणि त्याच पत्रात लिहिता की त्याने पाच मिनिटांत व्हिडिओ तपासला, तो कुठला नि केव्हाचा हे शोधलं आणि पुरावा जोडला. मग शिकवायचं काय राहिलं? चारचौघांत आईची चूक कशी सांगावी हे राहिलं, मान्य. पण तो वागण्याचा भाग झाला. चुकला तो वागण्यात, आणि शिक्षा मिळाली ती बरोबर काम केल्याची. निदान त्याच्या मनात हिशेब असाच बसला असणार: मी आईचं खोटं पकडलं, म्हणून माझ्या मागे पेपर लावला. नियम त्याच संध्याकाळी झाला, हे तो विसरलेला नाही. तुम्हीही विसरलेल्या नाही, नाहीतर पत्रात लिहिलं नसतं.

या दोन गोष्टींची गाठ सोडवा. त्याला सांगा, "तू बरोबर होतास. पुढच्या वेळी आधी मला एकटीला सांग." एवढंच, त्याला जोडून भाषण नको. आणि ग्रुपवर स्वतः लिहा, "मी टाकलेला पुराचा व्हिडिओ जुना आणि बाहेरचा होता, कोणी पुढे पाठवला असेल तर त्यांनाही कळवा." दोन महिने उलटले असले तरी लिहा. नणंदबाई हसल्या तर हसू देत. पुढे ढकलणारे प्रत्येक ग्रुपवर ढिगाने असतात. मागे घेणारं माणूस क्वचित दिसतं, आणि ते आपल्या आईच्या रूपात दिसलं तर सतरा वर्षांच्या मुलावर त्याचा परिणाम अर्धा तास पेपर समोर धरण्यापेक्षा नक्की जास्त होईल.

मग त्याला विचारा, तू शोधलंस कसं? बहुधा त्याने व्हिडिओ एका जागी थांबवला असेल, स्क्रीनशॉट घेतला असेल आणि तो गूगलच्या चित्रशोधात टाकून तेच दृश्य आधी कुठे आलंय ते पाहिलं असेल. त्याच्याकडून हे शिकून घ्या. उपयोग रोज होईल, कारण पूर, वादळ, दंगल, भूकंप यांची जुनी दृश्यं पुन्हा पुन्हा नव्या नावाने फिरतात. पुराच्या पाण्यातून महामार्गावर पोहत आलेल्या शार्कचा फोटो तुम्हीही कधीतरी पाहिला असेल. तो २०११ मध्ये आयरीन वादळाच्या वेळी पोर्तो रिकोचा म्हणून फिरला, २०१७ मध्ये हार्वे वादळात ह्यूस्टनचा म्हणून फिरला, आणि मधल्या काळात आणखी कुठे कुठे. शार्क मुळात दुसऱ्याच फोटोतला. एका छोट्या नावेमागे पोहणारा तो मासा तिथून कापून महामार्गावर चिकटवलेला. व्हॉट्सअ‍ॅपवर संदेशाच्या वर दोन बाण आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असं दिसलं, तर तो किमान पाच हातांतून फिरून तुमच्यापर्यंत आलाय असं समजा. एप्रिल २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच जागी पुढे पाठवता येतो. कंपनीने ही अडचण मुद्दाम घातली. तिच्यामुळे हात जरा थबकतो, त्या क्षणी आपणही थबकलेलं बरं.

यापुढचा भाग तुम्हाला थोडा टोचेल. 'तो तरुण पत्रकार नाही' हे वाक्य तुम्ही असं लिहिलंय की तिथेच निकाल लागला. पण २५ मे २०२० ची अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातली घटना आठवा. पोलिसांनी पकडलेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मृत्यूनंतर पोलिसांनी जे पहिलं निवेदन काढलं, त्यात पोलिसांशी संबंध आला असताना वैद्यकीय कारणाने एक माणूस दगावला, अशा अर्थाचा मजकूर होता. एका पोलीस अधिकाऱ्याने त्यांच्या मानेवर दाबून धरलेल्या गुडघ्याचा त्यात उल्लेख नव्हता. तो गुडघा जगाने पाहिला कारण रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या डार्नेला फ्रेझर नावाच्या मुलीने फोन वर धरला आणि शेवटपर्यंत खाली घेतला नाही. ती तेव्हा सतरा वर्षांची होती, तुमच्या मुलाएवढी. २०२१ मध्ये त्या पोलीस अधिकाऱ्याला खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं गेलं आणि त्याच वर्षी पत्रकारितेचे मानाचे पुरस्कार देणाऱ्या पुलित्झर मंडळाने या मुलीचा विशेष गौरव केला. पेपर केवळ ते निवेदन छापून थांबले असते, तर वाचकांना छापील, नीटनेटकी आणि चुकीची बातमी मिळाली असती.

म्हणजे कागदावरचं खरं आणि पडद्यावरचं खोटं अशी वाटणी करून भागत नाही. तुमच्या दोन पेपरांतही बातमीसारखी मांडलेली जाहिरात असते, कोपऱ्यात बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं, कधी तेही नसतं. मुलाला हे दिसत असणार. त्या वयात मोठ्यांची लबाडी फार चटकन दिसते. तुम्ही पेपरची सरसकट बाजू घेतलीत की तो तशी चार उदाहरणं काढणार आणि विषय संपणार.

मग फरक कशाने करायचा? माझ्या मते एका प्रश्नाने. चुकलं तर कोण उत्तर देणार?

घटनेच्या जागी कोणी गेलं होतं का, दुसऱ्या बाजूला कोणी विचारलं का, हे सगळे प्रश्न शेवटी याच प्रश्नाच्या पोटात येतात. कारण ज्याला उद्या उत्तर द्यायचं आहे तोच आज विचारपूस करतो. २३ एप्रिल २०१३ रोजी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचं ट्विटर खातं हॅकरांनी ताब्यात घेतलं आणि व्हाइट हाउसमध्ये स्फोट होऊन तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओबामा जखमी झाल्याचं त्यावरून सांगितलं. काही मिनिटांत अमेरिकी शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक शंभरहून जास्त अंशांनी घसरला. नाव मोठं असलं म्हणून बातमी खरी ठरत नाही, हे त्या दिवशी दिसलंच. पण पुढे काय झालं तेही बघा: संस्थेने लगेच जाहीर केलं की हे आम्ही लिहिलेलं नाही, आणि बाजार जवळपास तितक्याच वेगाने सावरला. खुलासा मागायला एक दार होतं आणि ते ठोठावल्यावर आतून कोणीतरी बोललं. 'फॉरवर्डेड' लिहून आलेल्या पुराच्या व्हिडिओला असं दार नसतं. तो तुम्हाला कोणी पाठवला, त्याला कोणी, त्याच्या आधी कोण, शोधत जा. शेवटी कोणीच सापडत नाही.

हा प्रश्न मुलाच्या त्या लाडक्या तरुणालाही लावा, आणि पूर्वग्रह न ठेवता लावा. दीड मिनिटात नीट समजावून सांगणं सोपं काम नाही. त्याचा एखादा व्हिडिओ मुलाबरोबर बसून बघा. पहिल्यांदा नुसता बघा, मध्ये बोलू नका. दुसऱ्यांदा बघताना थांबवत थांबवत जा. बोलणाऱ्याच्या मागे बहुतेक वेळा एखाद्या बातमीच्या शीर्षकाचा तुकडा झळकतो, सेकंदभरच, आणि पुष्कळदा असा कापलेला की पेपरचं नाव चौकटीबाहेर गेलेलं. तिथे थांबवा. शीर्षकातले पाच-सहा शब्द शोधयंत्रात टाका. मूळ बातमी बहुधा सापडेल, आणि तिच्यावर वार्ताहराचं नाव असेल: कोणीतरी न्यायालयात दिवसभर बसलेलं, कोणीतरी सरकारी अहवालाची पानं चाळलेली. मग दोन्ही शेजारी ठेवा. मूळ बातमीतला 'आरोप आहे' व्हिडिओत 'केलं' झालाय का? ध चा मा व्हायला फार काही लागत नाही, एक क्रियापद पुरतं. की त्याने उलट नीट सांगितलंय आणि बातमीतली एक किचकट गोष्ट सोपी केलीये? तसंही निघू शकतं. निघालं तर त्याचं श्रेय त्याला मोकळेपणाने द्या. मग शेवटी एवढंच बघा की याआधी तो कधी चुकला तेव्हा त्याने काय केलं. दुरुस्ती वर लावून ठेवली, की व्हिडिओ गुपचूप उडवला? पेपरलाही हाच निकष. पहिल्या पानावरच्या चुकीची दुरुस्ती आतल्या पानावर चार ओळींत उरकणारे पेपर आहेत, आणि सरळ कबूल करणारेही आहेत.

हे बघता बघता मुलाच्या लक्षात आपोआप एक गोष्ट येईल, तुम्हाला सांगावी लागणार नाही: काल त्याला जे कळलं, त्यातलं बरंचसं कोणा वार्ताहराने परवा खणून काढलेलं होतं. रील हे त्या कामाच्या जिवावर उभं असतं, आणि ते काम करणाऱ्यांकडे येणारा जाहिरातीचा पैसा मात्र मोठ्या प्रमाणात गूगल आणि फेसबुकसारख्या कंपन्यांकडे वळलाय. बातमी दाखवायची की नाही हेही आता त्याच कंपन्या ठरवतात. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलं की मित्रमंडळी आणि नातेवाइकांच्या पोस्टना वर जागा मिळेल, वृत्तसंस्थांच्या मजकुराला कमी. ऑगस्ट २०२३ मध्ये कॅनडात मेटा या फेसबुकच्या मालक कंपनीने फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरून बातम्या सरसकट बंदच केल्या, कारण वृत्तसंस्थांना मोबदला द्यायला लावणारा कायदा तिथे झाला होता. त्याच महिन्यात तिथे वणवे पेटले होते, अख्खी वस्ती हलवावी लागत होती, आणि लोकांना फेसबुकवर बातमीची लिंक एकमेकांना पाठवता येत नव्हती. 'मला सगळं मोबाइलवर कळतं' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग लक्षात ठेवावा, तुमच्या मुलाने आणि तुम्हीही.

मुलाच्या बोलण्यात कच्चा दुवा आहे तो इथे. बातमी आपल्याकडे चालत येते, शोधायची गरज नाही, असं त्याला वाटतं. अशा समजुतीचा अभ्यास झालेला आहे. गिल दे झुन्यिगा हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दिसलं की 'महत्त्वाचं असेल ते माझ्यापर्यंत पोचेलच' असं मानणाऱ्यांची राजकारणाची माहिती काळाच्या ओघात इतरांपेक्षा कमी पडते. चालत येतं ते महत्त्वाचं असतंच असं नाही. बोट थांबवणारं असतं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या, खरी-खोटी शहानिशा झालेल्या सुमारे सव्वा लाख अफवा-बातम्यांचा माग काढला. २०१८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त होती, आणि दीड हजार लोकांपर्यंत पोचायला खरीला खोटीच्या सुमारे सहापट वेळ लागत होता. यंत्रांनी चालवलेली खाती वगळून पाहिलं तरी चित्र बदललं नाही. म्हणजे हे माणसांनीच केलं, तुमच्या-माझ्यासारख्या, कारण खोटी बातमी नवलाची असते. खऱ्या बातमीला नवलाचं होण्याची सोय नसते.

आता सक्तीबद्दल. हो, मला ती चूक वाटते, आणि नैतिक कारणाने नव्हे: ती काम करत नाहीये, हे तुम्हीच लिहिलंय. घड्याळाकडे बघत पानं उलटणाऱ्या मुलाला पेपर म्हणजे मोबाइलच्या आधी भोगायची सजा एवढंच कळतंय. नियम मागे घ्या. त्याच्या जागी आठवड्यातून एक बातमी दोघांनी मिळून मुळापर्यंत न्या. एक आठवडा त्याच्या फोनमधली, एक आठवडा तुमच्या पेपरातली. तुमच्या पेपरातलीसुद्धा, हे महत्त्वाचं. तपासणी एकतर्फी असली की ती चौकशी होते आणि मुलं चौकशीला बधत नाहीत.

कसं तपासायचं, याची एक साधी रीत आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्रू यांनी इतिहासाचे १० अभ्यासक, बातम्यांची तथ्यं तपासणारे १० व्यावसायिक आणि २५ विद्यार्थी यांना काही संकेतस्थळं तपासायला दिली. विद्वान आणि विद्यार्थी समोरचं पान वरून खालपर्यंत वाचत बसले: भाषा कशी आहे, बोधचिन्ह कसं आहे, संदर्भ दिलेत का. पुष्कळजण फसले. तथ्यं तपासणारे मात्र पान जेमतेम बघून बाहेर पडले आणि नवी खिडकी उघडून शोधू लागले की या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात, मागे कोण आहे. ते लवकर आणि अचूक निष्कर्षाला आले. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण 'लक्षपूर्वक वाच' हा आपण मुलांना देतो तो उपदेशच इथे आडवा येतो. आपण ज्याला ओळखत नाही त्याची माहिती त्याच्याकडूनच घेण्यात काय अर्थ? आता तर हुबेहूब खोटे फोटो आणि आवाज यंत्र तयार करून देतं, तेव्हा चित्रातल्या हाताला बोटं पाचच आहेत ना हे मोजत बसण्यापेक्षा ते पहिल्यांदा कुठून आलं हे शोधणं शहाणपणाचं.

प्रत्येक बातमीचं असं करत बसू नका, आयुष्य पुरणार नाही. जी पुढे पाठवावीशी वाटते किंवा जिच्यामुळे राग अनावर होतो, तेवढीच. जिचा राग येत नाही ती तशीही आपण कोणाला पाठवत नाही. आणि लिंक पाठवण्याआधी आतली बातमी निदान उघडा. ट्विटरने २०२० मध्ये 'पुढे पाठवण्याआधी लेख वाचायचा का?' एवढा प्रश्न विचारायला सुरुवात केली, तर लेख उघडण्याचं प्रमाण ४० टक्क्यांनी वाढलं, असं कंपनीनेच सांगितलं. यावरून आधी काय चाललं होतं ते कळतं. मोठी दुर्घटना घडली की पहिले काही तास फक्त बघा, काही पाठवू नका. मृतांचे आकडे, संशयिताचं नाव, 'आत्ताच मिळालेला व्हिडिओ', यांतलं पुष्कळ पहिल्या दिवशी बदलतं.

एक धोका मात्र सांगून ठेवणं भाग आहे. ही तपासणी करता करता मुलगा 'सगळेच खोटारडे' या टोकाला जाऊ शकतो. ते दिसायला हुशारीचं असतं आणि त्यात कष्टही नसतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इयन वादळात फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्स शहरातल्या पाणी भरलेल्या अंगणात शार्कसारखा मासा उसळ्या मारताना दिसला. व्हिडिओ आला तसे शहाणे लोक हसले, कारण महामार्गावरच्या शार्कची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. असोसिएटेड प्रेसने चित्रण करणाऱ्याला गाठलं, फाइलवरची वेळ तपासली. व्हिडिओ खरा निघाला. मासा शार्कच होता का यावर तज्ज्ञांत एकमत झालं नाही, पण अंगण खरं, पूर खरा, मासा खरा. मुलाला दोन्ही शार्क दाखवा, पहिला एकटा नको.

आणि आता तुमच्याबद्दल. रात्री जाग आली की बातम्या बघता, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, जणू ती जागरूकतेची खूण आहे. मुलाला 'कशाचं काही नाही' आणि तुम्हाला काळजी, म्हणून तुम्ही जास्त जबाबदार, असा काहीसा अर्थ त्यात आहे. मला तसं वाटत नाही. रात्री दोन वाजता वाचलेल्या बातमीचं तुम्ही सकाळपर्यंत काही करू शकत नाही. सकाळीही ती तिथेच असते, आणि बहुधा जास्त खरी झालेली असते. ज्या रील्सना तुम्ही नावं ठेवता, त्यांना बोट खिळवून ठेवायला जी युक्ती वापरतात तीच तुमच्या बातम्यांच्या अ‍ॅपमध्येही आहे: पान संपत नाही. पत्रकारितेचा अभ्यास करणाऱ्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या पाहणीत अनेक देशांतल्या ३९ टक्के लोकांनी सांगितलं की ते अधूनमधून किंवा बऱ्याचदा बातम्या टाळतात. २०१७ मध्ये हेच प्रमाण २९ टक्के होतं. बातम्या बघून मन खचतं, हे त्यांनी सांगितलेल्या कारणांपैकी एक. तुमचा मुलगा बेफिकीर नसेलही, त्याने बातम्यांना स्वतःपुरतं कुंपण घातलं असेल. विचारून बघा.

तुमच्यापुरतं सांगायचं तर झोपताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि गजरासाठी साधं घड्याळ घ्या. बातम्यांच्या सूचना सगळ्या बंद करून एकाच संस्थेच्या चालू ठेवा. दोन-तीन आठवड्यांत काय चुकलं याची यादी करायला बसलात तर ती फार छोटी निघेल, असा माझा अंदाज आहे.

मिस्टरांचं 'सोडून दे' अर्धं बरोबर आहे. पेपर सोडा, मुलाला सोडू नका. पुढच्या वर्षी तो मत देणार आहे आणि त्याच्या फोनमध्ये त्याला हवं तेच दाखवायला बसलेले लोक कमी नाहीत.

तो 'असलं काही मी करणार नाही' म्हणाला तर? म्हणू शकतो, आई शिकवायला बसली की मुलं उठतात. तेव्हा शिकवणं बाजूला ठेवून त्याला एक खरा निर्णय द्या. दोन पेपरांपैकी एक बंद करायचाय आणि त्या पैशांत एका वृत्तसंस्थेची डिजिटल वर्गणी भरायची आहे, कोणता पेपर ठेवायचा आणि वर्गणी कोणाची घ्यायची हे तूच ठरव, असं सांगा. अट एकच: महिनाभर बघून त्याने तुम्हाला दाखवायचं की कोण आपल्या चुका कबूल करतं, कोणाचे वार्ताहर जागेवर जातात आणि कोण नुसतं इकडचं उचलून तिकडे लावतं. त्याने निवडलेली संस्था तुम्हाला आवडली नाही तरी वर्षभराचे पैसे भरा. त्याची निवड चुकली असेल तर वर्ष संपायच्या आत तोच येऊन सांगेल, आणि या वेळी बहुधा ग्रुपवर नाही सांगणार.